दुर्गाबाईनं बायाइले चिखलदऱ्याले नेलं

शेवटच्या दिवशी सकाळी दुर्गाबाईनं चहा नाई म्हटला. चिखलदऱ्याच्या लॉजवाल्या बाईनं मोठी किटली आनून ठेवली, साऱ्या बायाईनं आपापले कप भरून घेतले, अन् दुर्गाबाई पायरीवर बसली होती ते बसूनच राह्यली. थंडी अशी होती का बोलताना तोंडातून वाफ निघे. साऱ्याईनं कानाले रुमाल बांधले होते. अन् हिच्या कपाळावर घाम.

तो घाम पह्यले विमलले दिसला. विमल म्हंजे दुर्गाबाईची धाकटी जाऊ. एका घरात दोघीईनं अर्धी जिंदगी काढली, चुली येगळ्या पन मोरी एकच.

"बाई, काय झालं वो?"

"काई नाई. गॅस झाला. रातचं भरीत चढलं."

माणिकबाई बाजूले बसून चहात टोस बुडवून राह्यली होती. गल्लीतली सगळ्यात बुढी तेच. ते म्हने, "दुर्गे, तुले म्हनलं होतं, एवढं तुटून नोको पडू."

"जिंदगीभर लोकाइले वाढलं मावशी. एक डाव आयतं भेटलं, तेही मोजून खाऊ का?"

साऱ्या हासल्या. दुर्गाबाईही हासली, पन हात छातीवरून काढला नाई. गल्लीतलीच अकीला, तिनं पर्समधून ओव्याची पुडी काढली, "भाबी, फाको इसको, अभी उतरता," म्हने. माणिकबाईनं पाठीले बाम चोळून देल्ला. कोनी म्हनलं नजर लागली, त मीठ उतरवून टाकलं. जे जे येत होतं ते सारं केलं.

विमल हळूच म्हने, "घरी फोन लावू का?"

दुर्गाबाईनं तिच्याकडं असं पाह्यलं का विमलनं मोबाईल परत पिशवीत टाकला.

"कायदा इसरली का?" दुर्गाबाई म्हने.

हा कायदा दुर्गाबाईनंच केला होता. अकोल्याहून गाडी निघाली अन् मोर्णा नदीचा पूल पार झाला तवाच ते उभी राहून साऱ्याइले बोलली होती. घरी फोन लावाचा त दोनच गोष्टी सांगाच्या. एक, जेवलो. दुसरी, मजेत हावो. पाय मुरगळला, उलटी झाली, कोनाचं कोनाशी भांडन झालं, ते गाडीतलं गाडीत. तिकडं एक शब्द जरी गेला त पुढल्या साली कोनी उंबऱ्याबाहेर सोडनार नाई. साऱ्या बायाईनं हो म्हनलं होतं. कारन ते खोटं नव्हतं.

अकोल्यात जुने शहरातली ते गल्ली. एका तोंडाले आपल्या लोकाची घरं, दुसऱ्या तोंडाले मुसलमानाची, अन् मधात सारं मिसळलेलं. उन्हाळा लागला का बाया पाळीपाळीनं एकमेकीच्या गच्चीवर बसत. आज हिच्या घरच्या कुरड्या, उद्या तिच्या घरच्या शेवया, परवा सरगुंडे. ईदीच्या आधी अकीलाच्या गच्चीवर. कोनाची पाळी कधी, कोनाच्या घरी चीक किती घट झाला, कोन कामचुकारी करते, हे सारं दुर्गाबाई पाहे. कोनी तिले नेमली नव्हती. ते आपसूकच मुकादम झाली.

तसं तिचं पोटाचं काम म्हंजे शाळेत खिचडी शिजवाचं. नवरा चंद्रभान सवारीची मिनिडोर चालवे, त्याचे गुडघे गेले अन् मिनिडोर उभीच राह्यली, तवापासून हिनं खिचडीचं गंज-पातेलं धरलं. शाळेतले पोट्टे तिले खिचडीबाई म्हनत. बाजारात दिसली त मायच्या हाताले झटका देऊन वरडत, "वो पाय, खिचडीबाई!" तिले त्याचं वाईट नाई वाटे. दोन पोरी, दोघी अमरावतीकडं देल्या. लगन, मयत अन् बाळंतपन, याच्याशिवाय ते घरातून कधी निघाली नाई. एक डाव रिद्धपूरले देवाले गेली होती, पन ते सासूले घेऊन. तती पाह्यलं काय, त सासूचे पाय दाबले अन् गर्दीत तिची चप्पल सांभाळली.

फिराले जाची गोष्ट गच्चीवरच निघाली. कोनाच्या तरी पोरीनं कालेजच्या सहलीचे फोटो दाखवले. साऱ्या पोरी धुक्यात उभ्या, तोंड वेंगाडून. दुर्गाबाई चिकाचा हात तसाच वर धरून मोबाईलमधी पाहत राह्यली.

"आपन जाऊ," म्हने.

बाया हासल्या. तवापासून दरवर्षी ठरे अन् दरवर्षी मोडे. एका साली अकीलाच्या सासूचा मोतीबिंदू, एका साली विमलच्या सोहमची बारावी, एका साली कोनाचा नवराच म्हने का मीही येतो, मंग बाकीच्याइचेही यीन म्हनाले लागले, अन् मंग त्या बायाईनंच मोडलं. दुर्गाबाई म्हने, "यायच्यासंगं गेलो त भाकरी थापाले जाऊ, फिराले नाई."

या डाव दिवाळीच्या सुट्ट्यात ते घरोघर फिरली. पह्यले स्वताच्या घरात.

चंद्रभान म्हने, "आन् माह्या चहाचं?"

"नाक्यावर हाटेल हाय."

चंद्रभानचं एवढंच होतं. खरा अडकित्ता होता कमलाकांत, विमलचा नवरा. तो एका वकिलाकडं मुनशी. कोर्टात बसून बसून त्याले प्रत्येक गोष्टीत कलम दिसे.

"बायाच बाया? सोबत एखादा मानूस त पाह्यजे, वहिनी."

"हाय ना. डायव्हर."

"उद्या काई कमी-जास्त झालं त जबाबदारी कोनाची?"

"माही."

"लेखी?"

"भाऊजी, तुमच्या कपाळावर लिवून देतो. आना पेन."

विमल मोरीत भांडे घासून राह्यली होती, तिनं पदर तोंडात कोंबला. कमलाकांतही हासला थोडा, पन मंग बोट वर करून म्हने, "ठीक हाय. पन आयका, एवढं जरी काई झालं ना, त हे पह्यलं अन् शेवटचं. मंग माह्याजवळ यायचं नाई."

"जशा नेतो तशा आनून देतो," दुर्गाबाई म्हने. "एकही कमी भरनार नाई."

अकीलाचा नवरा वाहेदभाई, त्याचं गादी-रजईचं दुकान. तो भला मानूस, पन लोकाइले भ्याये. "दुर्गाभाबी, मेरी ना नई है, पर मोहल्ला क्या बोलेगा?"

"मोहल्ला त माह्या गाडीत बसून राह्यला भाई. बोलाले राह्यलं कोन?"

वाहेदभाई डोकं खाजवत राह्यला. मंग म्हने, "ठीक है, लेके जाओ, पर जैसी ले गए वैसी लाना." सगळ्याइले तिनं तोच शब्द देल्ला. जशा नेतो तशा आनून देतो. विमलले तवाच वाटलं का हा शब्द जड हाय.

ललित म्हनून पोरगा, त्याची टेम्पो ट्रॅव्हलर. सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली तवा साऱ्या गल्लीतले माणसं उभे, जशी काई वरात निघून राह्यली. पिशव्या इतक्या का ललित म्हने, "मावशी, आपन राहाले जाऊन राह्यलो का?" एकीनं तव्यासकट गॅसची शेगडी आनली होती. दुर्गाबाईनं ते शेगडी उचलून तिच्या नवऱ्याच्या हातात देल्ली. "घ्या. शिजवाचं काम तुमच्याकडं."

दोन दिवस लय मजेत गेले, हे विमल आजही सांगते. अकोट गेलं, अंजनगाव गेलं, परतवाड्याच्या पुढं घाट लागला त अर्ध्या बायाईनं डोळे मिटून घेतले अन् अर्ध्या उलट्या कराले उतरल्या. वर थंडी. झोपाले एकच मोठा हॉल घेतला, खाली लाईनीनं गाद्या. अकीला एका कोपऱ्यात नमाज पढे, तवा माणिकबाई बाकीच्याइले दटावे, "हळू बोला वो, तिचं देवाशी बोलनं चालू हाय." सकाळी उठल्या उठल्या साऱ्या बाया सवयीनं बसल्या उठून अन् मंग एकमेकीच्या तोंडाकडं पाहाले लागल्या, कारन कराले काहीच नव्हतं. ना झाडनं, ना पानी भरनं. एक जनीले त रडूच आलं. दुर्गाबाई म्हने, "झोप परत. बिल भरलं हाय."

पंचबोल पॉइंटवर गेल्या त ललितनं सांगतलं, अती उभं राहून हाक मारली का पलीकडल्या डोंगरातून परत परत येते. पह्यले कोनी तोंड उघडेना. मंग माणिकबाई पुढं झाली. कठड्याले धरलं अन् तिनं जोरात नवऱ्याचं नाव घेतलं. मेलेल्या नवऱ्याचं, जे तिनं जन्मात घेतलं नव्हतं. नाव डोंगरातून परत आलं, मंग अजून आलं, मंग अजून.

"पाह्यलं?" माणिकबाई म्हने. "जित्तेपनी एका हाकेत नाई आला कधी."

तती बाया हासून हासून खालीच बसल्या. दुर्गाबाईले म्हनलं तूही मार, त ते म्हने मले नाई कोनाले बलवाचं. ते तशीच कठड्यावर हनुवटी ठेवून उभी राह्यली, लय येळ. धुकं आलं, दरी झाकली, धुकं गेलं, दरी उघडली. विमल बाजूले होती. दुर्गाबाई एवढंच म्हने, "विमल, पुढल्या साली समुद्र पाहू."

हे आदल्या दिवसाचं. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायरीवर बसली, चहा नाई म्हनून.

त्या दिवशी अजून एक पॉइंट पाहून उतराचं होतं. बाया म्हनल्या राहू द्या, निघू. दुर्गाबाईनं आयकलं नाई. "माह्या एका गॅसपाई तुमी काहून परत जाता? जा, पाहून या." ते गाडीत बसून राह्यली. विमल थांबून राह्यली त तिलेही पाठवलं. विमल गेली, पन तिनं काय पाह्यलं ते तिले आठवत नाई. परत आली त दुर्गाबाई खिडकीले डोकं टेकून बसलेली अन् ललित बाहेर उभा.

ललित म्हने, "काकू, यायचा रंग बरोबर नाई दिसून राह्यला. परतवाड्याले मोठा सरकारी दवाखाना हाय. मी गाडी सरळ तती लावतो."

"लाव," विमल म्हने.

"लावशील त मी गाडीतून उतरत नाई," आतून आवाज आला.

परतवाड्यात गाडी थांबली, पन चहाच्या टपरीवर. विमल अन् अकीला जरा बाजूले झाल्या.

अकीला म्हने, "मेरे अब्बा को ऐसाइच हुवा था. पसीना, छाती पे हाथ. विमल, उठाके ले चलते. क्या करेगी, गाली देगी? देने दे."

"तू बोल ना मंग तिले."

"मेरी सुनेगी? तू देवरानी है."

"देरानी हावो म्हनूनच नाई आयकनार."

तेवढ्यात दुर्गाबाई गाडीतून उतरली. एकटी. कोनाचा हात नाई धरला. बाटलीतलं पानी घेऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं, केस बसवले अन् टपरीवर बायाच्या मधात येऊन उभी राह्यली. "काय दवाखाना दवाखाना लावलं? आत नेलं का पह्यले इचारतीन, संगं मानूस कोन हाय. मंग फोन. मंग कमलाकांत वकिलाची गाडी घेऊन येईन. मंग साऱ्या गल्लीचे येतीन. अन् मंग तुमी बसा जन्मभर गच्चीवर. अकोल्यातच दाखवतो, रात्री. आधी तुमाले घरी सोडू द्या."

 तिचं म्हननं पटलं होतं, हीच त गोष्ट. तेरा-चौदा बाया उभ्या होत्या, त्यातल्या एकीलेही ते येडपटपना नाई वाटला. साऱ्याइले आपापला उंबरा दिसून राह्यला होता.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. चंद्रभान. तिनं एक लांब श्वास घेतला अन् मोठ्यानं बोलली, "हो. निघालो. परतवाड्यात हावो. हो, जेवलो. मजेत. तुमी?" फोन ठेवला अन् टपरीच्या बाकड्यावर बसली. तिनं सकाळपासून ओवा अन् पान्याशिवाय काई घेतलं नव्हतं.

ललितनं गाडी जोरात काढली. गाडीत गाने बंद. अंजनगावच्या पुढं दुर्गाबाईनं डोकं विमलच्या खांद्यावर टाकलं. विमल दर थोड्या वेळानं तिच्या नाकासमोर बोट धरे, अन् एक डाव दुर्गाबाई डोळे न उघडता म्हने, "जित्ती हावो. बोट काढ." माणिकबाई मागच्या शीटवर माळ ओढून राह्यली होती. अकीलाचे ओठ हलत होते.

दिवेलागनीले गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. सारे माणसं उभे होते, जसे सोडाले आले तसेच. विमलनं ठरवलं होतं का गाडी थांबली का पह्यले कमलाकांतले सांगाचं. पन दुर्गाबाई उठली. दरवाज्यात उभी राह्यली, एक हात वरच्या दांडीले, अन् एकेकीले उतरवाले लागली. प्रत्येकीच्या घरच्याले आवाज देऊन.

"वाहेदभाई, हे घ्या तुमची बायको. तपासून घ्या, मंग तक्रार नाई चालनार."

गल्ली हासली. वाहेदभाई लाजला. माणिकबाईच्या लेकाले म्हने, "तुही माय घे. आवाज वाढला हाय तिचा." अजून हासले. शेवटी विमलले पुढं केली अन् कमलाकांतले म्हने, "भाऊजी, मोजा. एकही कमी नाई."

कमलाकांत म्हने, "मानलं वहिनी."

मंग ते खाली उतरली. गाडीपासून घर लय दूर नाई. ते चालत गेली, वट्यावर बसली, चपला पायातच. चंद्रभान म्हने, "काय पाह्यलं?" ते म्हने, "सांगतो. पानी दे विमल." विमल घागरीतून पानी घेऊन बाहेर आली तवा दुर्गाबाई भितीले टेकली होती अन् चंद्रभान तिचा हात हलवून राह्यला होता, जसं झोपलेल्याले उठवते तसं.

ललितची गाडी अजून वळली नव्हती, त्याच गाडीत तिले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पाह्यलं अन् इचारलं, केव्हापासून तरास होता. विमल म्हने, सकाळपासून. डॉक्टर म्हने, सकाळीच आनाले पाह्यजे होतं. अन् चादर तिच्या तोंडावर ओढली. 

दुसऱ्या दिवशी नेली. शाळेले सुट्ट्या होत्या तरी लय पोट्टे आले होते, मोर्णेच्या पुलापर्यंत चालत गेले.

तेरवीच्या दिवशी सारी गल्ली जेवाले बसली. पह्यली पंगत माणसाची. कमलाकांत वाढता वाढता बोलला. मनात साचलेलं होतं त्याच्या. "तेरा बाया संगं होत्या. तेरा मोबाईल. एकीनं फोन नाई लावला. परतवाड्यात दवाखान्याच्या समोरून गाडी आनली. मी सांगतलं होतं. म्हनून सांगतलं होतं. आता पुन्हा कोनी नाव काढाचं नाई." माणसाईनं माना हलवल्या. बाया आत चुलीपाशी, त्याइले सारं आयकू येत होतं.

चंद्रभान पाटावर बसला होता, ताटात तसंच ठेवून. तो म्हने, "मले फोनवर जेवलो म्हने."

मंग म्हने, "तिले कोनी नेलं नव्हतं. तिनं नेलं होतं याइले."

 बुंदी वाढनारा पुढं सरकला.

हिवाळा तसाच गेला. शाळेत दुसरी बाई खिचडीवर लागली. बाया रस्त्यात भेटत, तब्येत पानी बोलत, पन तीन-चार जनी एका जागी जमल्या का आपोआप पांगत. विमल मोरीत एकटी भांडे घासे. कमलाकांत तिच्याशी बोले, पन त्या दिवसाबद्दल कधी इचारे नाई, अन् तिनं सांगतलं नाई.

मार्चमधी ऊन तापलं. या साली पाळ्या लावाले कोनी नव्हतं. ईद जवळ आली तवा अकीलानं स्वताच घरोघर जाऊन सांगतलं, उद्या माह्या गच्चीवर. येतीन का नाई तिले धाकधूक होती. आल्या साऱ्या. आपापले पाट अन् परात घेऊन. सावलीले जुनी चादर बांधली. मैदा भिजवला, तिंबला. बोलनं कमीच. पह्यल्या शेवया जाड आल्या, तुटाले लागल्या, त माणिकबाई म्हने, "लाथेनं तिंबला का वो?" त जराशा हासल्या.

दुपारी जिन्यात पाय वाजले. वाहेदभाई मैद्याचा अजून एक कट्टा खांद्यावर घेऊन वर आला. बाया बसल्या असल्या का तो कधी वर येत नाई, खालूनच आवाज देते. कट्टा ठेवला. खांदा झटकला. जाईना.

अकीला म्हने, "क्या हुवा?"

"कुछ नई." तो चादरीकडं पाहून बोलला. "वो ललित मिला था. पूछ रहा था, सुट्टी में बाया जाते क्या कहीं. गाडी का बुकिंग करना पडता बोला, बाद में मिलती नई."

कोनी मान वर नाई केली. हात चालूच.

माणिकबाई म्हने, "मंग तू काय म्हनला?"

"मैं बोला पूछके बताता."

"कोनाले इचारशील? कमलाकांतले?"

"उनको काए कू?" वाहेदभाई म्हने. "तुमकू. पूछ रहा ना."

तो जिन्याकडं वळला. मंग म्हने, "सोचके बोलो, जल्दी नई है," अन् खाली गेला. जिन्यात त्याची चप्पल वाजत गेली अन् बंद झाली.

 वारा आला तशी चादर फडफडली. अकीला सुकलेल्या शेवया परातीत भरत होती, ते थांबली अन् विमलकडं पाहाले लागली. मंग बाकीच्याही पाहाले लागल्या, एक एक करून.

"माह्याकडं काय पाहता?" विमल म्हने. तिनं ओल्या फडक्याखालून गोळा काढला, पाट गुडघ्याले नीट टेकवला अन् गोळा लांबवाले लागली. हातातली तार पार पाटाच्या खालच्या टोकापर्यंत गेली, न तुटता. ते मंग हळूच म्हने, "समुद्र कुठं लागते पह्यले, ललितले इचारा लागीन."